मुळांच्या लाकडाचे कातकाम

मुळांच्या लाकडाचे कातकाम म्हणजे झाडाची जाड मुळे, किंवा खोड आणि मूळ यांच्या सांध्यावरील बुडखा, कातयंत्रावर फिरवून त्यापासून वाडगी, फुलदाण्या, करंडे यांसारख्या पोकळ वस्तू घडवण्याची कला होय. खोडाच्या सरळ लाकडापेक्षा हे लाकूड कातण्यास अवघड असते. त्यात माती आणि खडे रुतलेले असतात, तंतूंची दिशा ठिकठिकाणी बदलते, आत साल दबलेली असते आणि सुकताना ते वाकडेतिकडे आकसून चिरते. सुतारकामात हे सारे दोष मानले जातात. कातकामात मात्र यांपैकी काही दोषच वस्तूच्या नक्षीचे रूप घेतात. कोणता दोष राखावा, कोणता भरून काढावा आणि कोणत्या दोषामुळे तुकडा टाकून द्यावा, हा निर्णय या कलेच्या केंद्रस्थानी असतो.

संज्ञा

लाकूड, हस्तिदंत किंवा शिंग फिरते ठेवून त्यावर धारदार हत्यार टेकवून गोल आकार देण्याच्या कामास मराठीत कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्या कारागिरास कातारी म्हणतात. 'खरादी' हा शब्दही याच अर्थाने प्रचलित आहे. ज्या यंत्रावर हे काम होते त्याला ग्रांथिक मराठीत कातयंत्र आणि कारखान्यांत लेथ म्हणतात. जमिनीलगतचा खोडाचा फुगीर भाग व त्याला जोडलेली मुख्य मुळे यांना एकत्रितपणे बुडखा म्हटले जाते. खोडावर किंवा मुळावर असाधारण वाढीमुळे तयार होणाऱ्या गोळ्याला आवाळू किंवा गाठ म्हणतात. मुळाचे लाकूड आणि आवाळू या दोन भिन्न गोष्टी आहेत, परंतु बुडख्यात त्या पुष्कळदा एकत्र आढळतात.

मुळाच्या लाकडाची रचना

खोडाचे मुख्य काम झाडाचे वजन पेलणे आणि पाणी वर नेणे हे असते. त्यामुळे खोडातील बहुतेक तंतू एकाच दिशेने, उभे रचलेले असतात. मुळाला झाड जमिनीत रोवून धरावे लागते, पाणी शोषावे लागते आणि अन्नाचा साठाही करावा लागतो. म्हणून मुळाच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचे आणि अन्न साठवणाऱ्या मऊ पेशींचे प्रमाण सामान्यतः खोडापेक्षा अधिक असते. बुडख्यापासून दूरचे मूळ त्यामुळे अनेकदा हलके आणि सच्छिद्र असते. द्विदल झाडांच्या मुळात मध्यभागी भेंड बहुधा नसते. वाढीची वलयेही अस्पष्ट असतात आणि ती एका बाजूस जाड, तर दुसऱ्या बाजूस पातळ असतात.

बुडख्याजवळ चित्र बदलते. तेथे उभे तंतू वळून आडव्या मुळांत शिरतात आणि शेजारच्या मुळांचे तंतू एकमेकांत गुंततात. वाऱ्याने झाड हलते तेव्हा येणारा ताण याच भागावर पडतो. त्या ताणाला उत्तर म्हणून झाड येथे अधिक लाकूड तयार करते. मूळ दगडाशी अडले तर त्याला वळसा घालते किंवा कालांतराने त्याला आपल्यातच गुंडाळून घेते. शेजारी वाढणारी दोन मुळे एकमेकांना चिकटली तर त्यांच्यामधली साल लाकडाच्या आत अडकून राहते. कातलेल्या वाडग्यावर दिसणाऱ्या लाटा, भोवरे आणि काळसर रेघा या सर्व घडामोडींच्या खुणा असतात.

दोष आणि त्यांचे परिणाम

माती व खडे : मुळाच्या सालीत आणि खाचांत रुतलेली वाळू हत्याराची धार काही क्षणांत बोथट करते. फिरत्या तुकड्यातून सुटलेला खडा कारागिराला इजा करू शकतो.

बदलती रेषा : तंतूंच्या कलाने कापल्यास पृष्ठभाग गुळगुळीत निघतो, तर उलट दिशेने कापल्यास तंतू उपसले जातात. सरळ लाकडाच्या वाडग्यात ही दिशा एका फेरीत ठरावीक ठिकाणी बदलते. मुळाच्या लाकडात ती कोठेही बदलू शकते.

दबलेली साल : साल लाकडाला घट्ट बांधलेली नसते. सुकल्यावर ती सैल होते आणि त्या रेषेवर वस्तू दुभंगू शकते.

कूज व कीड : बुरशीच्या प्रारंभीच्या प्रादुर्भावाने लाकडावर नाजूक काळ्या रेषा उमटतात आणि त्या शोभिवंत दिसतात. प्रादुर्भाव वाढल्यावर मात्र लाकूड भुसभुशीत होते. वाळवी आणि भुंगेरे यांनी केलेली पोकळी बाहेरून दिसत नाही. तुकड्यावर टकटक करून येणाऱ्या आवाजावरून तिचा अंदाज घेतला जातो.

विषम आकसणे : हिरवे लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीच्या दिशेने सुमारे ०.१ ते ०.२ टक्केच आकसते. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हे प्रमाण लाकडाच्या जातीनुसार सुमारे २ ते ८ टक्के आणि वलयांना समांतर दिशेने सुमारे ४ ते १२ टक्के असते. खोडाच्या सरळ लाकडातून कातलेले ३० सेंटिमीटर व्यासाचे वाडगे तंतूंना आडव्या दिशेने ६ टक्के आकसले, तर त्या बाजूने व्यास १.८ सेंटिमीटरने कमी होतो, तर तंतूंच्या दिशेने तो जवळपास तसाच राहतो. वाडगे लंबगोल होते, पण हा बदल आधी सांगता येतो. मुळाच्या लाकडात तंतूच चहूदिशांना वळलेले असल्याने काठ लाटेसारखा वर-खाली होतो, तळ फुगतो किंवा भिंतीला भेग पडते.

इतिहास

मुळाकडील गाठाळ लाकडाला प्राचीन काळापासून मोठी किंमत मिळत आलेली आहे. उत्तर आफ्रिकेच्या ॲटलास पर्वतातील एका सदाहरित वृक्षाच्या अशा लाकडाची मेजे रोममधील धनिकांत प्रतिष्ठेची मानली जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक थोरला प्लिनी याने अशा मेजांचे वर्णन करताना सिसेरोने एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्स मोजल्याची नोंद केली आहे. हा वृक्ष म्हणजे आजचा टेट्राक्लिनिस आर्टिक्युलाटा होय. मोरोक्कोतील एसाविरा या बंदर शहरात त्याच्या मुळाकडील गाठींपासून पेट्या आणि कातीव वस्तू आजही बनवल्या जातात.

भूमध्य सागराच्या परिसरातील एरिका आर्बोरिया या झुडपाचा बुडखा तंबाखूच्या चिलमी बनवण्यासाठी वापरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सेंट क्लोद हे गाव या व्यवसायाचे केंद्र बनले. हे बुडखे कापल्यानंतर कित्येक तास पाण्यात उकळले जातात आणि मग अनेक महिने सावकाश सुकवले जातात. अवघड लाकूड चिरू न देता सुकवण्याच्या पद्धतीचे हे सुपरिचित उदाहरण आहे.

दोषयुक्त लाकूड ही कलेची सामग्री आहे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विशेष रुजला. मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्यांचे पुत्र मार्क लिंडक्विस्ट यांनी बुरशीच्या रेषा असलेल्या आणि गाठाळ लाकडाच्या कातीव कलाकृती प्रचारात आणल्या. भेगा, साल आणि पोकळ्या न लपवता ठेवणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. डेव्हिड एल्सवर्थ यांनी लहान तोंडातून वाकडे हत्यार आत घालून पातळ भिंतींची पोकळ पात्रे कातण्याचे तंत्र विकसित केले. १९८६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था स्थापन झाली आणि या तंत्रांचा प्रसार वाढला.

महाराष्ट्रातील कातकाम

महाराष्ट्रात कातकाम हा कातारी समाजाचा पारंपरिक व्यवसाय होता. लाटणी, पलंग व पाळण्यांचे पाय, कुंकवाचे करंडे, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी आणि भातुकलीची भांडी या त्यांच्या नेहमीच्या वस्तू होत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी लाखकाम केलेल्या लाकडी वस्तूंसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रंगीत लाकडी फळांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरले जाते. शेजारच्या कर्नाटकातील चन्नपटण येथील कातीव खेळण्यांसाठी काळा कुडा या झाडाचे पांढरे, बारीक पोताचे लाकूड पसंत केले जाते.

या परंपरेत मुळांच्या लाकडाला फारसे स्थान नव्हते, आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. जुन्या कातयंत्रात लाकडाचा तुकडा दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरला जाई. त्याला गुंडाळलेली दोरी कमानीने किंवा साहाय्यकाच्या हातांनी पुढे-मागे ओढली जाई. तुकडा आळीपाळीने दोन्ही दिशांना फिरे आणि कापणी एकाच दिशेच्या फेरीत होई. कारागीर जमिनीवर बसून काम करी आणि हत्यार स्थिर ठेवण्यासाठी पायाचाही उपयोग करी. अशा यंत्रावर लहान, सरळ आणि मऊ लाकूड उत्तम कातले जाते. वेडावाकडा, एका बाजूने जड असलेला बुडखा त्यावर समतोल फिरू शकत नाही. विजेवर एकाच दिशेने अखंड फिरणारे यंत्र, वेग कमी-जास्त करण्याची सोय आणि तुकडा एका बाजूने पकडणारा चक उपलब्ध झाल्यावर असे लाकूड कातणे व्यवहार्य झाले.

फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवण्याची आणि पृष्ठभागावर पसरवण्याची पारंपरिक पद्धत मात्र या कामातही उपयोगी पडते. बारीक छिद्रे आणि केसासारख्या चिरा लाखेने भरता येतात.

पूर्व पुणे जिल्ह्यातील झाडे

पुणे जिल्ह्याचा शिरूर व दौंड तालुक्यांकडील भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पुणे–सोलापूर महामार्गालगतचे कासुर्डी आणि पुढचे यवत ही दौंड तालुक्यातील गावे याच पट्ट्यात आहेत. येथे साग किंवा शिसवाचे जंगल नाही. बांधावर, ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला बाभूळ, कडुनिंब, चिंच, बोर आणि वेडी बाभूळ ही झाडे आढळतात. जमीन सपाट करताना, विहीर खणताना किंवा रस्ता रुंद करताना निघालेले बुडखे वेडेवाकडे असल्याने करवतीसाठी निरुपयोगी ठरतात आणि सामान्यतः सरपण म्हणून जळतात. कातकामाच्या दृष्टीने यांपैकी काही झाडांचे गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत.

बाभूळ : शास्त्रीय नाव व्हॅचेलिया निलोटिका. लाकूड सागापेक्षा जड आणि कठीण असते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, नांगर आणि इतर औजारे यांसाठी ते वापरले जाई. मध्यकाष्ठ म्हणजे नार लालसर तपकिरी आणि रसकाष्ठ फिकट असल्याने वाडग्याच्या काठावर दोन रंगांचा पट्टा उमटतो. सुकल्यावर ते कातणे कष्टाचे असते, म्हणून कच्ची कातणी ओले असतानाच करणे सोयीचे ठरते.

चिंच : शास्त्रीय नाव टॅमरिंडस इंडिका. जुन्या झाडाची नार गडद जांभळट तपकिरी व अतिशय कठीण असते. उखळ, मुसळ आणि तेलाचे घाणे यांसाठी तिचा उपयोग होत आला आहे. रसकाष्ठ पिवळसर असते. त्यात बुरशीच्या रेषा लवकर उमटतात, तसेच कीडही लवकर लागते.

कडुनिंब : शास्त्रीय नाव ॲझाडिरेक्टा इंडिका. लाकूड मध्यम कठीण असून त्याचे तंतू अनेकदा एकमेकांत गुंतलेले असतात. घासताना उडणारी धूळ कडवट व त्रासदायक असते.

वेडी बाभूळ : शास्त्रीय नाव प्रोसोपिस जुलिफ्लोरा. हे मूळचे अमेरिका खंडातील झाड भारतात झपाट्याने पसरले असून त्याला आक्रमक वनस्पती मानले जाते. प्रोसोपिस वंशातील झाडांचे लाकूड सुकताना तुलनेने कमी आकसते. म्हणूनच अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात याच वंशातील मेस्किट झाडाचे गाठाळ लाकूड कातकामासाठी प्रिय आहे. शेतातून काढून टाकलेल्या वेड्या बाभळीचे बुडखे त्यामुळे विशेष उपयुक्त ठरू शकतात.

प्रक्रिया

निवड आणि सफाई : बुडखा पाण्याच्या जोरदार धारेने धुतला जातो. खाचांतील माती तारेच्या ब्रशने आणि टोकदार सळीने काढली जाते. रुतलेले खडे, खिळे व तारा शोधल्या जातात. रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या झाडांत तारेचे तुकडे हमखास सापडतात. साल पूर्ण सोलल्याशिवाय आतील भेगांचा अंदाज येत नाही.

तुकडा पाडणे : बुडखा कोणत्या अंगाने कापावा यावर वस्तूची नक्षी ठरते. आडव्या छेदात गाठींची वर्तुळे दिसतात, तर उभ्या छेदात तंतूंच्या लाटा दिसतात. मोठी भेग शक्यतो छेदाच्या रेषेवर घेऊन तिथेच तुकडा वेगळा केला जातो. कापलेल्या टोकांवर मेण लावतात, म्हणजे तेथून पाणी वेगाने उडून नव्या चिरा पडत नाहीत.

कच्ची कातणी : तुकडा प्रथम दोन्ही बाजूंनी आधार देऊन बसवला जातो आणि अगदी कमी वेगाने फिरवला जातो. जड बाजू आधी उतरवून तो समतोल केला जातो. बाहेरचा आकार आल्यावर तळाशी चकसाठी बैठक कातली जाते आणि गोल पटाशीने आतील भाग पोखरला जातो. भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश ठेवण्याचा संकेत आहे. ३० सेंटिमीटरच्या वाडग्यात ती ३ सेंटिमीटर येते. सुकताना आकार बिघडला तरी पुन्हा गोल करण्यास पुरेसे लाकूड यामुळे शिल्लक राहते.

सुकवणे : पेशींच्या पोकळीतील मोकळे पाणी उडून जाईपर्यंत लाकूड फारसे आकसत नाही. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली आल्यावर पेशींच्या भित्तिकांतील पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा लवकर सुकला की ताण निर्माण होऊन चीर पडते. म्हणून कच्चे वाडगे कागदी पिशवीत किंवा त्याच लाकडाच्या भुश्श्यात ठेवून सावकाश सुकवले जाते. पूर्व पुणे जिल्ह्यात मार्च ते मे या महिन्यांतील कोरडी, गरम हवा अशा लाकडाला घातक असते, तर पावसाळ्यात बुरशीची भीती असते. ठरावीक दिवसांनी वजन करून ते स्थिर झाल्यावरच लाकूड सुकले असे मानतात. जाडीनुसार याला सहा महिने ते एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.

भेगा भरणे : केसासारख्या चिरांत पातळ गोंद सोडला जातो. मोठ्या पोकळ्यांत लाख, लाकडाचा भुस्सा मिसळलेला गोंद किंवा एपॉक्सी राळ भरतात. काही कारागीर दगडाची वा पितळेची पूड घालून भेग मुद्दाम उठून दिसेल अशी भरतात. भरण्यामागे सौंदर्याइतकाच मजबुतीचाही हेतू असतो.

अंतिम कातणी आणि झिलई : सुकलेले वाडगे पुन्हा बसवून ताज्या धारेच्या हत्याराने अतिशय पातळ थर काढला जातो. या लाकडात पटाशी दाबण्यापेक्षा तिला वारंवार धार लावणे अधिक महत्त्वाचे असते. त्यानंतर जाड ते बारीक अशा क्रमाने पॉलिशपेपर लावून शेवटी जवसाचे तेल, मेण किंवा लाख यांचा लेप दिला जातो.

सुरक्षितता

३० सेंटिमीटर व्यासाचा तुकडा मिनिटाला १००० फेऱ्या फिरत असेल तर त्याचा काठ सेकंदाला सुमारे १५.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावतो. वेग दुप्पट केला की तुकड्याला बाहेर फेकू पाहणारे बल चौपट होते. भेग असलेला तुकडा या बलाने फुटून उडू शकतो. म्हणून मुळाचे लाकूड सरळ लाकडापेक्षा बऱ्याच कमी वेगाने कातले जाते. यंत्र सुरू करताना कारागीर तुकड्याच्या समोर न थांबता बाजूला उभा राहतो आणि संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल वापरतो. केवळ चष्मा पुरेसा नसतो. भिंत पातळ होत जाते तसतसा थांबून भेगा तपासण्याचा प्रघात आहे. भेग आरपार गेलेली दिसली तर तुकडा कितीही देखणा असला तरी तो उतरवला जातो.

लाकडाची धूळ हा दुसरा धोका आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात केली आहे. त्यामुळे धूळ खेचून घेणारी व्यवस्था आणि नाक-तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा आवश्यक मानला जातो. सैल बाह्या, ओढणी, अंगठी आणि हातमोजे घालून फिरत्या यंत्रावर काम करणे धोकादायक असते.

उपयोग आणि मर्यादा

भेगा, छिद्रे आणि दबलेली साल असलेल्या वाडग्यात ओले अन्न ठेवणे योग्य नसते, कारण अन्नाचे कण त्यात अडकून कुजतात. अशी वाडगी सुका मेवा किंवा फळे ठेवण्यासाठी अथवा शोभेसाठी वापरली जातात. लाकडी फुलदाणीत थेट पाणी भरल्यास ती फुगून चिरते. म्हणून आत काचेची किंवा धातूची नळी बसवतात, अथवा ती सुक्या गवतासाठी आणि वाळलेल्या फुलांसाठी ठेवतात. दोन बुडखे कधीही सारखे नसल्याने एकसारख्या वस्तूंचा संच बनवता येत नाही. त्यामुळे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी हे लाकूड गैरसोयीचे ठरते.

पर्यावरण आणि कायदा

झाड तोडल्यावरही मुळे जमिनीत राहून माती धरून ठेवतात. ओढ्याकाठचे व बांधावरचे बुडखे उपटल्यास पावसाळ्यात माती वाहून जाते. अनेक झाडे बुडख्यातून पुन्हा फुटतात. मोरोक्कोतील टेट्राक्लिनिस हे त्याचेच उदाहरण असून, गाठीसाठी बुडखा खणून काढला की झाडाची पुन्हा वाढण्याची शक्यता संपते. या कारणाने केवळ लाकडासाठी बुडखे खणण्याऐवजी उन्मळून पडलेल्या किंवा अन्य कामासाठी आधीच काढलेल्या झाडांचे लाकूड वापरणे श्रेयस्कर समजले जाते.

महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा अधिनियम साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा इत्यादी अनुसूचित झाडांना लागू असून ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. लाकडाच्या वाहतुकीसाठी जातीनुसार वनविभागाचा परवाना लागू शकतो. शिसव व शिसम ज्या वंशात येतात, त्या डालबर्जिया वंशातील झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून साइट्स कराराची बंधने आहेत. त्यामुळे अशा लाकडाच्या वस्तू परदेशी पाठवताना लाकडाची जात आणि त्याचे मूळ ठिकाण यांची नोंद ठेवणे महत्त्वाचे ठरते.